जिन्याजवळची काच

नगरभवनाच्या जिन्याजवळ भिंतीला माणसाच्या उंचीचा तडा होता आणि त्यावर काचेची एक पट्टी आडवी चिकटवलेली होती. अकरा वर्षांपूर्वी माझ्या सरांनी लावलेली. तडा वाढला तर काच फुटणार, इतकं सोपं. इमारत ठेवायची की पाडायची, याचा इंजिनिअर म्हणून माझा अहवाल दुसऱ्या दिवशी जायचा होता.

काच अख्खी होती. माझ्या जिवात जीव आला. 'तडा जुना, वाढ नाही. वरवरची दुरुस्ती पुरे. रविवारी शाळेचा कार्यक्रम होऊ द्यावा,' असं मी उभ्याउभ्याच लिहून टाकलं. चारशे माणसं येणार होती.

तेवढ्यात शिपाईकाका चहा घेऊन आले. निवृत्तीला दोन महिने उरलेले.

"काच बघितलीत ना मॅडम? तुमचे सर म्हणाले होते, 'काका, ही सांभाळा.' म्हणून फुटली की मी लगेच नवी लावतो."

"फुटली की?"

"सात वेळा फुटली."

मी अशी भडकले म्हणता! "अहो काका, ताप बघायचं सोडून तुम्ही थर्मामीटर पुसून ठेवत बसलात! आता पाडा म्हणूनच लिहावं लागेल मला."

काकांचा चेहरा उतरला. चहा तिथेच ठेवून ते निघून गेले. आता हा माणूस दोन दिवस रजेवर जाणार, असं मी मनाशी म्हटलं. माणसं ओळखण्यात मी पहिल्यापासून कच्ची.

ते परत आले ते बिस्किटांचा जुना डबा घेऊन. आत कागदाच्या सात पुड्या. प्रत्येकीत काचेचे तुकडे आणि वर तारीख.

"सरकारी माल, फेकणार कसा? चौकशी लागली तर हे माझ्याच गळ्यात येईल. येऊ दे. पण इमारत जायला नको."

मी तारखा वाचल्या. सातही भर पावसाळ्यातल्या. बाकीचे महिने भिंत गप्प. म्हणजे रोग भिंतीत नव्हताच, पाण्यात होता. दुसऱ्या दिवशी अहवालाऐवजी मी मुदतवाढीचा अर्ज दिला, कार्यक्रम शाळेच्या मैदानावर हलवला आणि भिंतीलगत खणायला लावलं. छपराचं पाणी खाली आणणारा पाइप जमिनीत फुटलेला निघाला. दर पावसाळ्यात पाणी सरळ पायाखाली मुरत होतं आणि पाया खचत होता.

पाइप बदलला, पाया भक्कम केला. इमारत राहिली. काका बोलले नसते तर मी माणसं धोक्यात घातली असती, आणि त्या सात पुड्या नसत्या तर घाबरून चांगली इमारत पाडायला लावली असती. अहवालात मी स्पष्ट लिहिलं: 'तड्याच्या नोंदी शिपायांनी ठेवल्या, म्हणून कारण सापडलं.' चौकशी कोणी लावली नाही.

नवी काच मी काकांच्याच हातून लावून घेतली. "ही फुटली तर हात लावायचा नाही. मला फोन करायचा," असं बजावलं.

काका निवृत्त होऊन तीन पावसाळे झाले. अजूनही पाऊस थांबला की ते छत्री घेऊन तिथे जातात आणि मला फोन करतात.

"फुटली नाही, मॅडम."

"थँक्यू, काका."

"अहो, फुटली नाही यात माझं काय?"

दर वेळी मला त्यांना बरंच काही सांगायचं असतं. पण मी शब्द जुळवेपर्यंत ते फोन ठेवून टाकतात.