चहाची शिक्षा

"ओ मामा, इकडं एक चहा आणा की!"

समाजसेवेच्या क्लबात आजच दाखल झालेल्या पृथ्वीराजने बोट वर केलं आणि मंगळवारची सगळी सभा गप्प झाली. किटली घेतलेले नाथाजी मात्र सरळ त्याच्याकडे गेले आणि त्यांनी कप काठोकाठ भरला.

"ते आपले सगळ्यात जुने सभासद आहेत," अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले. ट्रॅक्टरची शोरूम चालवणारा धिप्पाड पृथ्वीराज ताडकन उभा राहिला. "चुकलं मामा!"

"बस रं," नाथाजी हसले. "माझंच काम हाय. चाळीस वर्सांची शिक्षा हाय ती."

शिक्षा खरीच होती. इस्लामपुरात क्लबची शाखा काढली ती डॉक्टर जवाहर मगदुमांनी. प्रत्येक धंद्यातला एकेक माणूस त्यांना हवा होता. शिंपी हवा म्हणून ते थेट नाथाजींच्या दुकानात आले.

"आवं डॉक्टरसाहेब, मोठ्या लोकांत मी काय करू?"

डॉक्टर बाकावर ऐसपैस बसले. "अमेरिकेत चौघांनी ही चळवळ सुरू केली, नाथाजी. आळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत जमायचे. वकील, कोळशाचा व्यापारी, खाणीचा इंजिनिअर. आणि चौथा कोण? शिंपी!"

नाथाजींच्या हातातली कात्री जागच्या जागी राहिली. साता समुद्रापलीकडे आपल्यासारखाच कुणी दुकान बंद करून त्या सभेला गेला, आणि त्यातून जगभर एवढं उभं राहिलं! त्यांच्या अंगावर काटा आला. तो आजही येतो.

डॉक्टरांनी घातलेला एकच नियम अवघड होता. सभेत कुणी साहेब नाही, राव नाही. कारखान्याचा संचालक असो की शिंपी, नुसत्या नावाने हाक मारायची. चुकेल त्याने सगळ्यांना चहा वाढायचा. बाकीचे महिन्याभरात सरावले. नाथाजीही वकिलाला, संचालकाला बिनदिक्कत नावाने बोलवू लागले, पण डॉक्टरांपाशी जीभ अडायची. शालूबाईला, आपल्या बायकोला, ज्यांनी मरणाच्या दारातून ओढून आणलं त्यांना 'जवाहर' म्हणायचं? डॉक्टर वाड्यावस्त्यांवर पोलिओचे डोस द्यायला निघाले की बर्फाची पेटी नाथाजींच्या खांद्यावर असायची. मोतीबिंदूच्या शिबिरांसाठी हिरव्या डोळेपट्ट्या त्यांनी हजारोंनी शिवल्या. नाव तेवढं तोंडातून निघालं नाही.

"एकदा तरी म्हण रे," डॉक्टर दर मंगळवारी म्हणायचे.

"पुढच्या मंगळवारी म्हणतो, डॉक्टरसाहेब."

जुने सभासद एकेक करून गेले, डॉक्टर थकून मुलाकडे सांगलीला राहायला गेले, नियम विस्मरणात गेला. नाथाजींनी किटली काही सोडली नाही.

सभा सुटता सुटता डॉक्टरांच्या सूनबाईंचा, गुणमालांचा फोन आला. "नाथाजीकाका, येऊन जावा. चार दिवस झाले, अप्पा कुणाच्याच हाकेला ओ देत नाहीत."

नाथाजींनी उरलेला चहा थर्मासमध्ये भरून घेतला आणि सांगलीची एसटी धरली.

डॉक्टर डोळे मिटून पडले होते. केवढा माणूस, आणि केवढासा झाला होता!

"डॉक्टरसाहेब," नाथाजींनी हाक मारली. काहीच हललं नाही.

"सगळे अप्पा, आजोबा, साहेब म्हणून हाका मारून दमले," गुणमाला पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "नावानं हाक मारणारं तर आता कुणी उरलंच नाही."

पुढचा मंगळवार आता नव्हता. नाथाजी थर्मास चादरीवर ठेवून कॉटच्या कडेला बसले आणि त्यांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. मग त्यांनी हाक घातली, "जवाहर! ए जवाहर!"

पापण्या थरथरल्या. डॉक्टरांनी डोळे उघडले आणि नाथाजींकडे पाहिलं. तोंडाच्या कोपऱ्यात जुनं, मिस्कील हसू उमटलं.

"या... नाथाजीसाहेब," ते पुटपुटले. "अरेच्चा... चुकलो."

त्यांचा हात चादरीवरून थर्मास चाचपडू लागला. गुणमालांना काही कळेना. नाथाजींनी झाकण काढून थर्मास त्यांच्या बोटांत दिला, खालून आपल्या हाताचा आधार लावला आणि दुसऱ्या हाताने झाकणाचा कप पुढे धरला.