रुद्रची कापलेली बट

रुद्रच्या केसांना कात्री लागली तेव्हा मी शेजारच्या वर्गात एका रडक्या पोरीला खिचडी भरवत होते. परत आले तर आमची मारिसेल टीचर खुशीत म्हणाली, "सुलक्षणाताई, च्युइंगगम गेलं!"

रुद्रच्या केसांत चिकटलेलं च्युइंगगम गेलं होतं खरं. त्याच्याबरोबर डाव्या कानामागची वीतभर बटही गेली होती.

अहो, ते नवसाचे केस! लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेलं पोर. आजीनं फिरंगाईदेवीला बोललेलं, पाच वर्षं केसांना कात्री लावणार नाही, चैत्रात देवीच्या दारातच काढू. पोरगा दोन वेण्या घालून शाळेत यायचा आणि अख्ख्या कुरकुंभात कुणी त्याला कधी हसलं नाही, कारण मुलाला वेण्या म्हणजे काय ते इथं सगळ्यांना कळतं. मारिसेलला कुठून कळणार? ती पडली फिलिपीन्सची. मी मदतनीस आहे त्या कंपनीच्या शाळेत जूनपासून लहान गटाला शिकवते, दौंडला माझ्याच गल्लीत खोली घेऊन राहते. मी तिला भाकरी थापायला शिकवली, रिक्षावाल्याशी भांडायला शिकवलं. हे मात्र सांगितलं नाही. हे सांगावं लागतं, हेच मुळी माझ्या डोक्यात आलं नाही.

"खोबरेल चोळलं असतं तर निघालं असतं की हो!" मी ओरडलेच तिच्यावर. मग नवसाचं सगळं समजावलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

त्या गुरुवारी शाळा सुटल्यावर रुद्रची आई धनश्री आली. तिनं केस बघितले, पोराला उचललं आणि एक शब्द न बोलता निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी मोठ्या बाईंनी मारिसेलला बोलावून सांगितलं, "आजीची समजूत पटली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून येऊ नका." नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बाई विमानात. तिला जायचं नव्हतं. वर्गातल्या बावीस पोरांना ती 'माझी मुलं' म्हणायची, आणि रडतानाही तेच म्हणत होती.

आजी मुक्ताबाई राहतात नदीपलीकडे, शिरूर तालुक्यात, इनामगावला. शनिवारी सकाळीच मारिसेलला स्कूटीवर बसवलं. वाटभर माझी टकळी चालूच. "आधी विचारायचं ना! इथं पोराच्या अंगावरचा दोरासुद्धा विचारून काढतात." खरं सांगते, मी तिच्यावर नाही, माझ्यावरच चिडले होते.

मुक्ताबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. धनश्री शेजारी बसलेली, डोळे सुजलेले. रुद्र मात्र 'टीचर!' करत धावत आला आणि मारिसेलच्या पायाला बिलगला.

"काकू," मी उभ्या उभ्याच म्हटलं, "चूक हिची न्हाई, माझी हाय. मला ठावं हुतं, मी सांगितलं न्हाई. काय बोलायचं ते मला बोला."

"तुला तर बोलणारच हाय. तू थांब." म्हातारीनं हातातली जुडी खाली ठेवली. मारिसेलकडे बघून तिनं एकच विचारलं, "केस कुठं टाकलं? केरात?"

मी जीभ चावली. दोन दिवस रडारड केली आम्ही, पण केसांचं काय झालं हे मी विचारलंच नव्हतं. आता संपलं सगळं, असं मला वाटलं.

मारिसेलनं पर्समधून पाकीट काढलं. वर मराठीत 'रुद्र' लिहिलेलं, खाली तारीख. आत अख्खी बट, च्युइंगगमसकट. "माझी आईनं माझे पहिले केस पुस्तकात ठेवले," ती अडखळत म्हणाली. "म्हणून मी फेकले नाही. आईला देणार होती. ती बोलली नाही, मी घाबरली."

मुक्ताबाईंनी बट तळहातावर घेतली. "आन् कापताना खाली किती सांडलं?"

"एक पण नाही. छोटी मुलं खालचं तोंडात घालतात. म्हणून असं केलं." ती तिथंच मातीत बसली, रुद्रला पुढ्यात घेतलं आणि ओढणी मांडीवर पसरून दाखवली. शाळेत ॲप्रन पसरला होता, तसाच.

म्हातारी बघतच राहिली. मग धनश्रीकडे वळून म्हणाली, "अगं, हिनं तर ओटीत झेललं!"

धनश्री एकदम रडायला लागली. मला आधी काही उमगेना, मग लख्ख कळलं. आमच्यात पोराचे पहिले केस उतरवताना आत्या झेलते, जमिनीवर पडू देत नाहीत. आणि धनश्रीचा नवरा एकुलता एक, पाठची ना पुढची बहीण.

"पाच वर्सं जिवाला घोर हुता माझ्या," मुक्ताबाई म्हणाल्या. "नवस फिटंल, पर केस झेलाया आत्या कुठनं आणू? भावकीतलीला बोलवावं तर दुसरी रुसणार. देवीनंच धाडली म्हणायची ही." त्यांनी पाकीट परत मारिसेलच्या हातात दिलं. "ही बट तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. चैत्रात बाकीचं केस बी तुझ्याच ओटीत पडतील, मग समदं मिळून देवीला वाहू."

मारिसेल माझ्या तोंडाकडे बघत होती. मी समजवायला तोंड उघडलं. तोवर म्हातारीनं धनश्रीला मोठ्या बाईंना फोन लावायला लावला आणि शेत राखायच्या आवाजात ओरडली, "मी रुद्रची आज्जी! आमच्या आत्याला कामावरनं काढायचं न्हाई! व्हय, आत्याच! तिला कुठं धाडायचं असंल तर आधी मला इचारायचं!"

पलीकडून मोठ्या बाई 'बरं, बरं' म्हणताना मला ऐकू आलं. एवढा मोठा श्वास मी गेल्या दोन दिवसांत घेतला नव्हता.

"ताई, आत्या काय करते?" मारिसेलनं हळूच विचारलं.

"भाच्याचे लाड करते आणि वहिनीवर रुसते," मी डोळे पुसत म्हटलं. "आणि अगं पोरी, आत्याला कुणी घरातून काढत नाही."

ती रुद्रच्या वेणीत तोंड खुपसून रडली, हसली, परत रडली. मग मुक्ताबाईंनी तिच्यापुढे मेथीचा ढीग सरकवला. "रडून झालं असंल तर बांधाया लाग. घरचीच हायेस आता."

मारिसेलनं बाह्या वर केल्या आणि जुड्या बांधायला बसली.