शाईचा डाग आणि कुंडलिकचे हात

मी शाईचा एक डाग आहे. कपड्यावर पडलो असतो, तर कुणीतरी लिंबू चोळून मला घालवलं असतं. पण मला जाड पुठ्ठ्यावर मुद्दाम छापलंय. माझी भावंडं आणि मी एकाच पेटीत राहतो. मानसशास्त्रज्ञ आम्हाला माणसापुढे धरतात आणि विचारतात, "यात काय दिसतं?" कुणाला पाखरू दिसतं, कुणाला भांडणारे कोंबडे. खरं तर माझ्यात काहीच नसतं.

पुण्याच्या एका प्राध्यापकांकडे माझी बरीच वर्षं गेली. निवृत्त होताना त्यांनी पेटी आपल्या विद्यार्थिनीला दिली. ती जुन्नरची अर्शिया, कापडवाल्यांची मुलगी. "एवढं शिकून वेड्यांत बसणार का?" असं घरचे म्हणायचे. ती बसली. मंचरला एका मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात तिला खोली मिळाली, आणि खिडकीजवळच्या टेबलावर मला जागा.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात पेठ गावाहून कुंडलिक आला. दार त्यानं कोपरानं ढकललं. हात लालभडक, भेगाळलेले. सोबत त्याची बायको भागू आणि वडील गेणभाऊ.

"म्याडम, पोराला येड लागलंय," गेणभाऊ म्हणाले. "दिसभर हात धुतो. देवरुषीबी करून झाला. एका डॉक्टरनं येडाच्या गोळ्या दिल्या, तर नुसता झोपून ऱ्हायला. आता तुमी त्या शाईच्या चित्रातनं काय ते सांगा."

अर्शियानं मला पालथं ठेवलं. "आबा, नुसत्या चित्रातून आजार कळत नाही. आधी मला यांच्याशी बोलू द्या."

मग ती विचारत गेली. हे कधीपासून? झोप लागते का? कुणी नसताना आवाज ऐकू येतात? कुणी आपल्या वाईटावर आहे असं वाटतं? दारू? घरात आणखी कुणाला असा त्रास? तिला कसलीच घाई नव्हती. रक्त तपासायलाही तिनं डॉक्टरांना सांगितलं.

कुंडलिक हळूहळू बोलू लागला. टोमॅटोवर फवारणी करताना विषारी औषध हातावर सांडलं होतं. त्याच आठवड्यात भागू बाळंत झाली. "पोरगी आता रांगाया लागली. मी अजून तिला हात लावला न्हाई."

"आत्ता, या क्षणी तुमच्या हाताला औषध लागलेलं आहे?" अर्शियानं विचारलं.

त्यानं हात उलटसुलट करून बघितले. "न्हाई, ताई. कळतंय मला. पर मन म्हनतं, लागलं असलं तर? धुतलं की गप बसतं. पुन्ना उठतं."

भागूनं पदर तोंडाला लावला. "मला वाटलं, पोरगी झाली म्हनून यान्ला ती नको हाय. मी तर म्हायेराला निघाले व्हते."

कुंडलिकनं पहिल्यांदाच मान वर केली. "नको असती, तर येवढं हात कशापायी धुतलं असतं गं?"



अर्शियाकडे आजारांच्या वर्गीकरणाचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात बघून तिनं पुन्हा काही प्रश्न विचारले: धुण्यात दिवसाचा किती वेळ जातो, कामं किती अडतात. मग तिनं डॉक्टरांनाही बोलावलं. ज्याला भ्रम असतो, त्याला हाताला विष आहे हे खरंच वाटतं. कुंडलिकला ते खरं वाटत नव्हतं, तरी सुटत नव्हतं. आधीच्या डॉक्टरांनी 'विष' एवढंच ऐकलं आणि पुढचं विचारायचं राहिलं.

"याला ओसीडी म्हणतात," ती म्हणाली. "आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात ना, तेच."

"म्हंजी येडा न्हाई?"

"आबा, येडा हे नाव या पुस्तकात कुठंच नाही."

पुढच्या खेपेला तिनं मला त्याच्यापुढे धरलं. त्यानं उपरण्याच्या टोकात पकडून मला न्याहाळलं. "डाग दिसतोय, ताई. धुवावा वाटतो." दोघंही हसली. तिनं उत्तर टिपून घेतलं, पण त्यावरून कसलाही निकाल लावला नाही. तेव्हापासून मला तिचा फार अभिमान वाटतो.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. अर्शियानं त्याला दाराच्या कडीला हात लावायला सांगितलं, आणि मग तसंच बसायचं, धुवायचं नाही. तो घामाघूम व्हायचा. "भीती चढेल, मग उतरेल. आपण वाट बघू," ती म्हणायची. घरी भागू त्याच्याजवळ तशीच बसून राहायची.

पावसाळा सरल्यावर भागू मुलीला घेऊन आली. हर्षालीला तिनं नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. पोरीनं त्याचं बोट पकडलं आणि सरळ तोंडात घातलं.

कुंडलिक पांढराफटक पडला.

"थांबा, भाऊ. काढू नका," अर्शिया हळूच म्हणाली.

त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता. पोरगी मजेत बोट चावत होती. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. "दात आल्यात गं हिला," तो भागूला म्हणाला, आणि रडू लागला.

आजार पुरता गेला नाही. फवारणीच्या दिवसांत डोकं वर काढायचा, मग कुंडलिक परत दवाखान्यात यायचा. पण आता स्वतःच बस पकडून यायचा.

पुढं दवाखान्यात नव्या चाचण्या आल्या, नव्या प्रश्नावल्या आल्या. आमच्यासारख्या डागांवर कितपत विश्वास ठेवावा, यावर विद्वान भांडतात. भांडू देत. आता मी बहुतेक वेळ पेटीतच असतो, कडा पिवळ्या पडल्यात.

एक मागणं आहे. मला बघून तुम्ही घाईघाईनं काहीही म्हणा, माझं काही बिघडत नाही. माणसाला नाव ठेवण्याआधी मात्र त्याच्याजवळ बसा, आणि त्यालाच विचारा.