पुड्या बंद झाल्यावर

मोहन्याहून रिक्षा निघाली तेव्हा ठमाबाई बोलत होत्या. शहाडचा पूल उतरेपर्यंत त्यांचं बोलणं बरळण्यावर आलं आणि कल्याणच्या हॉस्पिटलच्या दारात पोचल्या तेव्हा त्या नुसत्या कण्हत होत्या. कल्पिताने सासूचं डोकं मांडीवर घेतलं होतं. हात थंडगार, कपाळावर घाम. पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अंग चोरून बसलेला तिचा नवरा धनेश सारखा म्हणत होता, हळदीतल्या जेवणानेच आईचं पोट बिघडलं. चुलतभावाच्या हळदीला सगळे एकाच पंगतीत जेवले होते, बाकी कुणाला काही झालं नव्हतं. कल्पिताच्या मनात दुसरंच काहीतरी वळवळत होतं.

ठमाबाईंचे गुडघे गेल्यापासून त्या एका वैद्याच्या पुड्या घेत होत्या. पहिल्या पुडीनेच त्या टणाटण जिना चढायला लागल्या, मग काय, वैद्य म्हणजे त्यांचा देवच झाला. दोन-तीन वर्षांत मात्र चेहरा फुगून गोल झाला, जरा कुठे हात लागला की काळानिळा डाग उठायचा, शुगर वाढली. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळतात असं कल्पिताच्या वाचनात आलं होतं. तिने सासूला समजावून पाहिलं, भांडूनही पाहिलं. शेवटी एका दुपारी तिने उरलेल्या सगळ्या पुड्या बेसिनमध्ये ओतल्या आणि वैद्य दुकान बंद करून गावी गेला, असं बेधडक सांगून टाकलं. ठमाबाई हळहळल्या. पुढच्या आठवड्यात त्या अंथरुणाला खिळल्या, अन्न नकोसं झालं, उलट्या सुरू झाल्या. शरीराची सवय सुटतेय, होईल कमी, अशी कल्पिता स्वतःची समजूत घालत राहिली.

आत सलाइनची दुसरी बाटली चालू झाली तरी बीपी वर येईना. डॉक्टर प्रमोदिनी बाहेर आल्या. आईंना आधी कुठलं औषध चालू होतं का, हल्ली काही बंद केलंय का, असं त्यांनी विचारलं.

धनेशने मान हलवली. "काहीच नाही. त्या पुड्या घ्यायची, त्या पण वैद्य गेला म्हणून बंद झाल्या."

"कसल्या पुड्या?"

कल्पिताच्या समोर नवरा, शेजारी परस्पर हॉस्पिटलात आलेली नणंद संचिता. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. आतून मॉनिटरची टिटिट ऐकू येत होती.

"वैद्य कुठे गेला नाही," ती म्हणाली. "मीच टाकून दिल्या. गुडघ्याच्या पुड्या होत्या, रोज दोन. त्यात स्टेरॉइड असणार, चेहरा सुजला होता त्यांचा."

डॉक्टर पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत. रक्ताचा नमुना घ्या आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे स्टेरॉइडचंच, इंजेक्शन द्या, असं नर्सला सांगत त्या आत गेल्या. संचिता तोंडावर पदर धरून रडायला लागली. धनेशने बायकोकडे एकदा पाहिलं आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात कल्पिताला केशरबाई आठवल्या. शेजारच्या केशरबाईही त्याच पुड्या घेत होत्या आणि तिने त्यांनाही टाकून द्यायला सांगितलं होतं. तिने फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. एकट्या राहणाऱ्या बाई, पडल्या असल्या तर कुणाला कळणार? चौथ्यांदा फोन उचलला गेला.

"आंघोळीला गेलेली गो," केशरबाई म्हणाल्या. पुड्या टाकल्या का, असं कल्पिताने विचारलं तेव्हा त्या ओशाळल्या. तुला बरं वाटावं म्हणून हो म्हटलं, पण टाकल्या नाहीत, सकाळचीही घेतली.

आता एकदम बंद करू नका, उद्या डॉक्टरकडे मी घेऊन जाते, एवढं कल्पिताने त्यांना सांगितलं.

संध्याकाळपर्यंत ठमाबाईंचं बीपी वर आलं, त्यांनी पाणी मागितलं. डॉक्टरांनी तिघांना बोलावून समजावलं. किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांच्यातून स्टेरॉइडच्याच जातीचं एक संप्रेरक रोज थोडं थोडं झिरपतं. आजारपणात, ताणात माणूस तगतो तो त्याच्यावर. बाहेरून आयतं मिळत राहिलं की मेंदू या ग्रंथींना काम सांगणंच सोडतो आणि त्या झोपी जातात. अशात बाहेरचा पुरवठा तोडला की शरीराकडे काहीच उरत नाही. "पुडी वाईटच होती," त्या कल्पिताला म्हणाल्या, "पण ती हळूहळू सोडवायची असते. ग्रंथी जागी व्हायला महिने लागतात."

दुसऱ्या दिवशी ठमाबाईंनी सुनेला जवळ बोलावलं. त्यांना सगळं कळलं होतं.

"टाकलीस त्याचा राग नाय मना," त्या म्हणाल्या. "खोटं का बोललीस?"

ठमाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

घरी आल्यावर बरेच दिवस त्या डॉक्टरांनी दिलेली सकाळची स्टेरॉइडची गोळी धनेशच्याच हातून घेत. धनेशही कल्पिताशी कामापुरतंच बोले. डॉक्टरांनी पहिल्यांदा डोस कमी केला त्या सकाळी मात्र तो कामावर लवकर गेला होता. कल्पिता गोळी आणि पाणी घेऊन दाराशीच उभी राहिली. ठमाबाईंनी हात पुढे केला.

"आज किती कमी केलीय ते नीट सांग मना," त्या म्हणाल्या.

कल्पिता त्यांच्याजवळ खाटेवर बसली आणि सांगायला लागली.