ठिपक्याच्या गोवऱ्या

लकव्याने रुखमाबाईचा उजवा हात नेला, उजवा पाय नेला आणि जाता जाता तोंडातले सगळे शब्दही नेले. मागे ठेवला तो एकच, ‘बरं’. पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं. जिने जन्मभर भल्याभल्यांची बोलती बंद केली, सुनेच्या स्वयंपाकात चार खोड्या काढल्याशिवाय जी पाटावरून उठली नाही, तिच्या वाट्याला नेमका हाच शब्द यावा, याला काय म्हणावं! सून रुपाली हसून म्हणायची, “आता कसं आपलं दोघींचं जमून राह्यलं!” रुखमाबाई आतल्या आत धुमसायची आणि म्हणायची, “बरं.”

डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली होती. म्हणून चैत्र लागताच इंद्रजितने लोहाऱ्याच्या कारखान्यातून पंधरा दिवसांची रजा काढली आणि बायको, पोरगी आणि आईला घेऊन तो बाभुळगावजवळच्या आपल्या दोन एकरांत राहायला आला. झोपडीसमोरच्या कडुलिंबाखाली त्याने आईची खाट टाकली. आणि खोटं कशाला बोलायचं, रुखमाबाई तिथे सुखात होती. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रान मोकळं झालं होतं. शेताच्या धुऱ्यावरचा पळस फुलला होता. ऊन अजून चावरं झालं नव्हतं, सकाळी तर पांघरूण ओढून घ्यावंसं वाटायचं. लिंबाचा मोहोर तिच्या गोधडीवर पडे आणि नात अर्पिता तो वेचून आजीच्या मुठीत ठेवी. मग तिच्याच खाटेवर बसून मिठाशी कैरी खाई आणि शाळेतल्या सगळ्या चहाड्या सांगे. आजीइतकं निमूट ऐकणारं माणूस तिला दुसरं मिळालं नव्हतं.

खाटेवरून झोपडीची भिंत समोर दिसायची. वळचणीखाली लकव्याआधी तिनेच थापलेल्या नऊ गोवऱ्या चिकटलेल्या होत्या, तळहाताएवढ्या, प्रत्येकीवर चुन्याचा एक ठिपका. रुखमाबाई रोज त्या मोजायची. त्या जळणाच्या नव्हत्या. त्यांच्या पोटात कोहळ्याचं बी होतं. शेणात दाबून वाळवलं की बियाला कीड लागत नाही. पावसाच्या तोंडावर गोवरी फोडायची आणि बी टोकायचं. तिच्या आईने असंच केलं होतं, आजीनेही. ते कोहळं म्हणजे लाल भोपळा, आतून शेंदरी, दगडासारखं जड, आणि आखाडीला त्याची गोड बोंडं तळली की वास गल्लीभर जायचा. बी आलं होतं वणीकडच्या तिच्या माहेराहून. ते गाव केव्हाच कोळशाच्या खाणीत गेलं. अंगण गेलं, वेल गेले, माणसं पांगली. उरलं ते एवढंच, या भिंतीवर.

आणि बाई त्याबाबतीत मोठी चिक्कू. शेजारणींना कोहळ्याची फोड द्यायची ती बी पार खरवडून. कोणी बी मागितलं की म्हणायची, “फोड ने ना, बी कायले पायजे तुले?” तीस-पस्तीस घरं तिच्या दारच्या फोडी खाऊन गेली, पण एक बी कोणाच्या घरी गेलं नाही.

रविवारी रोडग्यांचा बेत ठरला. शेतात येऊन रोडगे खाल्ले नाहीत तर मग आलो कशाला, असं इंद्रजितचं म्हणणं. रुपालीने कणीक घट्ट मळून तेलाच्या घड्या घालून गोळे केले. वांग्याची भाजी चुलीवर रटरटत होती. इंद्रजितने गोवऱ्या रचून पेटवल्या, पण पहाटे एक अवकाळी सर येऊन गेली होती आणि ढीग ओला झाला होता. नुसता धूर. इंद्रजित फुंकून फुंकून लालबुंद झाला.

“अहो, त्या भितीवरच्या घ्या ना,” रुपाली म्हणाली. “कोरड्या ठण्ण हायेत.”

“त्यायले ठिपके कायचे हाय?”

“नजर लागू नये म्हणून लावले असतील. मायच्या तऱ्हा तुमाले मालूम नाही का?”

इंद्रजित उठला.  रुखमाबाईने सगळा जीव गोळा केला आणि ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं.

“बरं!”

“पाहा, मायनंही परवानगी देल्ली,” रुपाली हसली.

“बरं! बरं! बरं!” रुखमाबाई ओरडली. डाव्या हाताने तिने भिंतीकडे बोट केलं. इंद्रजितने मागे वळून पाहिलं, वर सूर्य पाहिला, आणि पोरगा तसा मायाळू, त्याने खाट अलगद उचलून सावलीत सरकवली. “ऊन लागून राह्यलं होतं मायले,” तो म्हणाला. तिने उशाचा पितळी गिलास ढकलून दिला. अर्पिता धावत पाणी घेऊन आली. ते तिने प्यायलं नाही, हनुवटीवरून सगळं ओघळलं. रुपालीने पदराने तिचं तोंड पुसलं. किती प्रेमाने पुसलं! त्या प्रेमाचाच तिला त्या क्षणी संताप आला.

भिंतीवरून एकेक गोवरी खट्‌कन निघत होती. तिने मोजल्या. नऊ.

निखाऱ्यांचा आर छान पडला. रोडगे त्यात पुरले गेले, वरून राख ओढली गेली. मधूनच आत काहीतरी तड तड उडालं. “गोवरीत मीठ पडलं का काय?” इंद्रजित म्हणाला आणि हसला. रुखमाबाईने डोळे मिटून घेतले. कान मात्र मिटता येत नव्हते.

रोडगे काढताना अर्पिता काडीने राख उकरत होती. “बाबा, यात बिया हायेत!” तिने तळहातावर चार-पाच बिया धरल्या. काळ्या पडलेल्या, एकदोन फुटलेल्या.

इंद्रजितच्या हातातला रोडगा तिथेच थांबला. ते बी त्याने ओळखलं. लहानपणी आईशेजारी उकिडवं बसून त्यानेच तर अंगठ्याने ते शेणात दाबलं होतं, आणि चुन्याचं बोट लावायचं काम त्याचंच होतं. लोहाऱ्यात वीस वर्षं काढली आणि माणूस स्वतःच्या अंगठ्याचं काम विसरला. तो खाटेजवळ येऊन खाली बसला.

“माय, कोहळ्याचं होतं का वं ते? वणीकडलं?”

“बरं.”

“दुसरीकडे ठेवलं असशीन ना थोडं? गाडग्यात, फडक्यात?”

“बरं.”

“कोणाले तरी देल्लं असशीन.”

शेजारणींचे पुढे झालेले हात तिला एकेक करून आठवले. जमनाबाईने तर तीनदा मागितलं होतं. रुखमाबाईचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, “बरं.”

इंद्रजितने तिचा लुळा हात आपल्या कपाळाला लावला. “माफ कर माय.” तिला त्याला चार शिव्या द्यायच्या होत्या, मग जवळ घ्यायचं होतं, दोन्ही त्याच क्रमाने. तेही जमलं नाही. तूप घातलेले रोडगे ताटात थंड होत गेले. 

अर्पिताला हे काही कळलं नाही. त्या काळ्या बिया तिने फ्रॉकला पुसल्या आणि ती आजीच्या कानाशी आली. “आजी, हे पेरू का आपण?”

इंद्रजितने तोंड फिरवलं. पोरीला सांगणं आता आजीचं काम होतं, आणि तिने ते केलंही असतं. ‘बाई, भाजलेलं बी उगवत नसते,’ एवढंच तर सांगायचं होतं.

“बरं,” रुखमाबाई म्हणाली.

पोरगी नाचतच गेली. खाटेवरून नीट दिसेल अशी जागा तिने निवडली, आळं केलं, बिया टोकल्या, वर काडी रोवली. पुढचे आठ दिवस सकाळ तशीच गार होती, मोहोर तसाच गळत होता, आणि रोज ती पोर विहिरीवरून गडवा भरून आणायची, आळ्यात पाणी ओतायची आणि ओरडून विचारायची, “आजी, उद्या येईल ना वेल?”

आणि आजी रोज तिला म्हणायची, “बरं.”