हसून होकार

“लिही पुढे,” गाईडमास्तर डोळे मिटून म्हणाले. “‘प्रस्तुत नाटकातील नायिका ही सोशिक, चतुर व कुटुंबवत्सल आहे.’ पूर्णविराम.”

लेकीची कीबोर्डवरची बोटे थांबली. “बाबा, सोशिक कुठून आणलंत?”

“कुठून म्हणजे? पहिल्यापासून आहे ते.”

“नाटकात नाही.”

“गाईडात आहे,” मास्तर म्हणाले. त्यांच्या मते तिथे विषय संपला होता.

शाळेतून निवृत्त होण्याच्या कितीतरी आधीपासून ते गाईडे लिहीत होते. मुखपृष्ठावर त्यांचे नाव कधीच नसायचे. ‘अनुभवी प्राध्यापकांकडून’ असे छापलेले असायचे, आणि ते सगळे प्राध्यापक म्हणजे मागच्या खोलीत डुगडुगत्या खुर्चीवर बसलेले हे एकटे गृहस्थ. त्यांचे तत्त्व एकच. परीक्षक बिचारा जेवून सुस्तावलेला असतो. त्याची झोपमोड होईल असे काही उत्तरात लिहायचे नाही. वाद होईल असे मत नको, नवा विचार तर अजिबातच नको. हेच तत्त्व त्यांनी घरात, शाळेत आणि सोसायटीच्या मीटिंगमध्येही पाळले. कुठेही भांडण लागले की “दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे” एवढे बोलून ते चप्पल शोधायला लागत. त्यामुळे त्यांना शत्रू नव्हता. मित्रही फारसे नव्हते, पण ते त्यांच्या लक्षात आले नव्हते.

लेक तीन आठवड्यांपूर्वी माहेरी आली होती. बायकोच्या डोळ्यांना आता स्क्रीन सोसत नव्हता, तेव्हा टाइप करायचे काम आपसूकच लेकीकडे आले. प्रकाशकाला संध्याकाळपर्यंत सुधारित आवृत्तीचा मजकूर हवा होता. अभ्यासक्रमात जुनेच नाटक नव्याने लागले होते आणि प्रश्न ठरलेला होता: नायिकेची भूमिका व नाट्यसंघर्ष यांचे विश्लेषण करा.

नाटक तसे गमतीचे. एक नवरा मित्रांशी पैज लावतो, की माझी बायको माझ्या कुठल्याच गोष्टीला नाही म्हणायची नाही. बायको ते दाराआडून ऐकते आणि त्या दिवसापासून खरोखरच सगळ्याला हो म्हणत सुटते. नवऱ्यालाच नव्हे, सगळ्या जगाला. लांबच्या नातेवाइकांना राहायला या म्हणते, शेजाऱ्यांना पलंग देऊन टाकते, बँडवाल्यांना दिवाणखान्यात तालीम करायला सांगते. घराचा पार बोऱ्या वाजतो. शेवटी नवरा हात जोडतो, “एकदा तरी नाही म्हण!” प्रेक्षक हसून हसून बेजार होतात.

“आता संघर्ष,” मास्तर म्हणाले. “‘संघर्ष हा वरकरणी असून गैरसमजातून निर्माण झालेला आहे.’”

लेकीने मुकाट्याने टाइप केले. गेले तीन आठवडे ती असेच सगळे मुकाट्याने करत होती. आली त्या दिवशी बापाने तिला समोर बसवून विचारले होते, “नक्की त्रास काय आहे? मुद्देसूद सांग.” तिला मुद्दे सांगता आले नव्हते. नवरा हात उगारत नव्हता, पीत नव्हता, वेळेवर घरी येत होता. “डॉक्टर मला विचारतात कुठे दुखतंय, आणि उत्तर हा देतो,” ती म्हणाली होती. “मी नोकरी करत होते त्या लॅबमधल्या मॅडमना यानेच फोन करून सांगितलं, ती उद्यापासून येणार नाही म्हणून. मला घरी आल्यावर कळलं. म्हणाला, तुला चालेल हे मला माहीत होतं. बाबा, मी फार दमलेय हो.” यावर मास्तर म्हणाले होते, की त्याचा हेतू वाईट नसावा. आई म्हणाली होती, की काळजी करतो म्हणून बोलतो. गेल्या वर्षीही ती अशीच आली होती. तेव्हा जावई न्यायला आला आणि ती काही न बोलता उठून गेली. “समजूतदार आहे पोर,” असे दोघे आठवडाभर एकमेकांना सांगत होते.

आज चार वाजता जावई पुन्हा यायचा होता. बायकोने सकाळीच लेकीचे कपडे घडी करून ठेवले होते.

“निष्कर्ष,” मास्तरांनी घसा साफ केला. “‘अखेरीस पतीला चूक उमगते. तो क्षमा मागतो व नायिका हसून होकार देते. अशा रीतीने संघर्ष मिटून नाटक सुखान्त होते.’”

“हे पण नाही नाटकात.”

“आता हे काय नवीन?”

लेकीने टेबलाच्या खणातून नाटकाचे पुस्तक काढले. ती दुपारी झोप येत नाही म्हणून ते वाचत असे. शेवटचे पान तिने त्यांच्यापुढे धरले. मास्तरांनी चष्मा वर-खाली केला. नवरा म्हणतो, झालं ना आता? सगळं विसरलीस ना? सगळी पात्रे तिच्याकडे वळतात. पुढे कंसात एवढेच होते: ती त्याच्याकडे पाहत राहते. पडदा.

मास्तरांनी मागचे पान पाहिले, पुन्हा पुढचे पाहिले. हसू नव्हते. होकार नव्हता.

“मग हे हसून होकार...”

“तुमचंच आहे,” लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्यांना ते जास्तच लागले. “परीक्षेत मी पण तेच लिहिलं होतं. चांगले मार्क पडले.”

मास्तरांना आठवेना, ते वाक्य आपण कधी घातले. मुलांना निष्कर्ष लागतो, निष्कर्षाशिवाय उत्तर पूर्ण होत नाही, म्हणून घातले असेल. बाई काहीच बोलत नाही, मग हो म्हणूनच धरायचे, यात त्यांना तेव्हा काही वावगे वाटले नसेल. मुलांच्या कितीतरी तुकड्या ते वाक्य घोकून पास झाल्या आणि एकाही परीक्षकाची झोप उडाली नाही. मास्तरांना एकदम फार थकल्यासारखे झाले.

“राहू दे,” ते म्हणाले. “नंतर बघू.”

जावई चारच्या ठोक्याला हजर झाला. येताना सासूच्या गुडघ्यांसाठी मलम घेऊन आला होता. माणूस खरोखर नीटनेटका होता. त्याने चपला भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या.

“निघायचं ना मग?” तो प्रसन्नपणे म्हणाला. “झालं गेलं मी काही मनात ठेवलेलं नाही. काल फोनवर बोललोय मी हिच्याशी.”

“काय म्हणाली?” मास्तरांनी विचारले.

“काही नाही म्हणाली. म्हणजे तिची ना नाहीये.”

बायकोने कपड्यांची बॅग दाराशी आणली. लेक भिंतीला टेकून उभी होती. तिने पदराशी चाळा केला नाही, डोळ्यांत पाणी आणले नाही. बॅगेकडे बघत राहिली.

मास्तर उठले. उठण्याचे खरे तर काही कारण नव्हते. “तुला जायचंय का गं?”

“जायचंय ना तिला,” जावई म्हणाला.

“तुम्हाला नाही विचारलं.”

जावयाच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, फक्त आता ते कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हते. बायको लेकीजवळ सरकली. “अगं बोल ना काहीतरी. हो म्हण, नाही म्हण, काहीतरी म्हण.”

“नको,” मास्तर म्हणाले. “तिला नसेल बोलायचं तर तिच्यामागे लागू नका.” मग ते जावयाकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दुसरी बाजू दिसत होती आणि तरी ती मांडायची नव्हती. “ती आज येणार नाही.”

“अहो, पण तिने तसं म्हटलंय कुठे?”

“यायचं असंही कुठे म्हटलंय?”

“बरं, आज नाही तर मग कधी? रविवारी येऊ? लोक विचारतात हो मला. मी सांगू काय त्यांना?”

ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक प्रश्नाचे तयार उत्तर दिले होते, तो दाराची कडी धरून उभा राहिला.

“मला माहीत नाही,” मास्तर म्हणाले.

जावई अजून काही येईल म्हणून थांबला. पुढे काही आले नाही. तेव्हा त्याने चपला घातल्या आणि जिन्यावरून त्याच्या पावलांचा आवाज खाली खाली जात राहिला.

बायको स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जोरातच घासू लागली. प्रकाशकाचा फोन आला तेव्हा मास्तरांनी उत्तर अपुरे असल्याचे सांगितले. पलीकडून बराच आरडाओरडा झाला. त्यांनी तो सगळा ऐकून घेतला.

मागच्या खोलीत आले तर लेक कॉटवर आडवी झाली होती. लहानपणी तापातून उठल्यावर झोपायची तशी ती ढाराढूर झोपली होती, तोंड थोडे उघडे, एक हात कॉटबाहेर. मास्तरांना रडू आले. ते आवरून ते खुर्ची सरकवणार, तोच पाठीमागून बायको आली. अजून घुश्शातच होती, नवऱ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. ओले हात पदराला पुसत ती सरळ खिडकीशी गेली, आणि लेकीच्या तोंडावर येणारे ऊन अडेल इतकाच पडदा तिने ओढून घेतला.