एकवीस खऱ्या चुका

माझ्या मुलीची प्रगती शून्य आहे, असं शिक्षण ऑफिसातल्या अधिकारी बाईंनी सांगितलं तेव्हा मी आधी हसले. बाई गंमत करतायत असं वाटलं. पण त्या गंमत करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि एका रकान्यावर पेन टेकवलं. गेल्या वर्षी तिसरीच्या परीक्षेत शंभर टक्के, यंदा चौथीच्या परीक्षेत शंभर टक्के, फरक शून्य. घरी शिकणाऱ्या मुलाची दर वर्षी प्रगती दिसली पाहिजे. नाही दिसली तर परवानगी संपली, पुढच्या सत्रापासून मूल शाळेत. नियम आहे, असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला बोलवायला मान वर केली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी खुर्ची सोडली नाही.

मी वजनकाटे दुरुस्त करते. किराणावाल्याचे, सोनाराचे, दवाखान्यातले बाळं तोलायचे, जे येतील ते. दुकान वडिलांचं होतं, आता माझं आहे. या कामात पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. काटा टोकाला जाऊन टेकला, तर वजन कळलेलं नसतं. पाच किलोच्या काट्यावर पाच किलो ठेवा, तो पाच दाखवेल. नऊ ठेवा, तरी पाचच दाखवेल. त्यावरून कुणी म्हणालं की दोन्ही पोती सारखीच आहेत, तर त्याला आम्ही दुकानात उभं करत नाही.

ऑफिसच्या जावक टेबलावर पार्सलं तोलायचा गोल तबकडीचा काटा होता, दोन किलोचा. मी बाईंच्या टेबलावरचं नियमांचं जाडजूड पुस्तक उचललं आणि त्या काट्यावर ठेवलं. काटा दोनवर जाऊन अडला. मग त्यावर शेजारच्या दोन फुगलेल्या फायली ठेवल्या. काटा जागचा हलला नाही.

“बघा,” मी म्हटलं, “तुमच्या फायलींना वजनच नाही. फरक शून्य.”

जावकचा कारकून मान खाली घालून हसला. बाई हसल्या नाहीत. ऑफिसच्या वस्तू जागच्या जागी ठेवा म्हणाल्या. फायली मी ठेवल्या, पुस्तक नाही ठेवलं. समोरच्या बाकावर बसून घरी शिकणाऱ्या मुलांचं प्रकरण उघडलं आणि एकेक ओळ वाचत सुटले. तासाभराने हवं ते कलम सापडलं. मूल आपल्या वयाच्या इयत्तेची किंवा तिच्या वरची कोणतीही परीक्षा देऊ शकतं. वरच्या इयत्तेत निम्मे गुण मिळाले की परवानगी वर्षभर वाढते. निम्म्याच्या खाली गेलं तर मात्र पुन्हा अर्ज नाही, सरळ शाळा.

बाईंनी ते कलम दोनदा वाचलं. असं आजवर कुणी मागितलं नव्हतं, म्हणाल्या. मग आता मागतेय, म्हटलं. कोणती इयत्ता ते पंधरा दिवसांत लिहून द्या, आणि दिल्यावर बदलता येणार नाही, एवढं बजावून त्यांनी मला वाटेला लावलं.

आता मुलीबद्दल सांगते. तिला घरात सगळे भुंगा म्हणतात. बोलायला लागल्यापासून तिने आमच्या डोक्याला प्रश्नांचा जो भुंगा लावलाय तो नऊ वर्षांची झाली तरी थांबलेला नाही. ती दुसरीत असताना एकदा तिची वही माझ्या हाती लागली. सात अधिक पाच तेरा. आठ अधिक सहा पंधरा. घरी तर ही बया माझ्या दुकानात बसून किलोचे ग्रॅम तोंडी करत होती. मी चिडून विचारलं, हे काय लिहिलंयस? ती म्हणाली, सगळं बरोबर आलं की बाई हात खाली ठेव म्हणतात आणि पेटीतले खडू रंगांप्रमाणे लावत बसवतात, म्हणून मी थोडं थोडं चुकवते. हे तिने अगदी सहज सांगितलं, चप्पल कुठे ठेवली ते सांगावं तसं. सात वर्षांचं पोर मुद्दाम चुकायला शिकलं होतं. मी त्याच आठवड्यात तिचं नाव शाळेतून काढलं. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. नवऱ्याने एवढंच विचारलं, इतिहास कोण शिकवणार? आणि मग तोच शिकवायला बसला.

सगळ्यांत जास्त रागावल्या होत्या माझ्या नणंदबाई. त्या स्वतः शाळेत शिकवतात, त्यामुळे मी शाळेला नाही, त्यांनाच नाव ठेवलं असं त्यांनी धरलं. वर्षभर आमच्यात हो-नाहीपलीकडे बोलणं नव्हतं. तरी मी नाक मुठीत धरून त्यांच्याकडेच गेले, कारण जुने पेपर दुसऱ्या कुणाकडे मिळणार? ताईंनी अर्धा तास मला धारेवर धरलं आणि दुसऱ्या दिवशी पाचवीपासून नववीपर्यंतचे पेपर पिशवीत घालून स्वतः दुकानात आणून दिले.

काटा तपासताना आम्ही एकदम मोठं वजन टाकत नाही. लहान, मग त्याहून मोठं, असं चढवत नेतो. भुंगाचंही तसंच केलं. दुकानात गर्दी नसते त्या दुपारच्या वेळी रोज एक पेपर, घड्याळ लावून. पाचवीत तिला पन्नासपैकी पन्नास पडले. सहावीत एकोणपन्नास, तोही एक तिने घाईत गाळला होता. सातवीत त्रेचाळीस. आठवीत तीस. नववीत सतरा.

ताईंनी सातवीवर बोट ठेवलं. त्रेचाळीस म्हणजे शहाऐंशी टक्के, त्या बाईंचं तोंड बंद होईल आणि पोरीला धोकाही नाही.

मी आठवी म्हटलं. कुठलाही काटा मधल्या भागात असतो तेव्हा सर्वांत खरं बोलतो, दोन्ही टोकांना त्याचा भरवसा नसतो. सातवी दिली तर पुढच्या वर्षी काटा परत टोकाला टेकणार, आणि त्याच्या पुढच्या वर्षी बाई परत शून्य लिहिणार. मला गुण नको होते. माझी पोर नक्की कुठवर पोचलीय ते मला पाहायचं होतं. दोन वर्षं कुणी ते मोजलंच नव्हतं.

“आणि त्या दिवशी तिला ताप आला तर?” ताई म्हणाल्या. “सहा प्रश्न इकडचे तिकडे झाले की संपलं. मग ती परत खडू लावत बसेल. तुझ्या हट्टापायी.”

खरं सांगते, मी घाबरले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे खरे करून देणारी मी, आणि त्या दिवशी मला वाटलं, मरू दे ते खरंखोटं, द्यावी सातवी, मोकळं व्हावं. तेवढ्यात भुंगा काउंटरखालून वर आली. ती सगळं ऐकत होती.

“सातवीत मला न येणारं किती आहे?” तिने विचारलं.

“फार नाही,” मी म्हटलं.

“मग ती कशाला द्यायची?”

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पिशवीची घडी घालत म्हणाल्या की आईवर गेलीय, आता देवसुद्धा काही करू शकणार नाही. मी त्याच संध्याकाळी फॉर्मवर आठवी लिहिलं.

परीक्षा ऑफिसातल्याच एका खोलीत होती. खुर्ची मोठ्यांची, भुंगाचे पाय जमिनीला पुरेनात. मी बाहेर बाकावर. आधीच्या दोन वर्षी ती अर्ध्या वेळात पेपर संपवून पंख्याचे फेरे मोजत बसली होती, मला काचेतून दिसायचं. या वेळी पेन शेवटच्या मिनिटापर्यंत हातात होतं. बाहेर आली तेव्हा कान लाल झाले होते. रस्त्यात एकदाच म्हणाली, शेवटच्या पानावरचं मला काही म्हणता काही कळलं नाही. पुढच्या दहा दिवसांत मी दुकानात तीन वजनं चुकीच्या डब्यात ठेवली.

निकालाच्या दिवशी तिला बरोबर नेलं. जे काय असेल ते तिच्यासमोर होऊ दे, असं ठरवलं होतं. बाईंनी लिफाफा उघडला, दोनदा बेरीज केली. पन्नासपैकी एकोणतीस.

परवानगी वाढली होती. पण बाईंचं पेन अजून त्या रकान्यावर होतं. शंभरावरून अठ्ठावन्न. इथे घसरण बेचाळीस असं लिहावं लागेल, त्या म्हणाल्या, आणि ते कायम रेकॉर्डला राहील.

“लिहा,” मी म्हटलं. “ठळक लिहा.”

त्यांनी लिहिलं. एव्हाना भुंगाने टेबलावरची उत्तरपत्रिका स्वतःकडे ओढली होती. तिने पानं उलटली, लाल फुल्या बोटाने मोजल्या, आणि माझ्या पिशवीतून वही काढून प्रश्न उतरवायला लागली. पेपर घरी नेता येत नाही, बाई म्हणाल्या. नेत नाही, उतरवतेय, भुंगा म्हणाली. कलम शोधायला बाईंनी पुस्तकाकडे हात नेला, मग तो तसाच मागे घेतला.

“चुकलेल्या प्रश्नांचं करायचंय काय तुला?” त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा माणसासारखा आला.

“एकवीस आहेत,” भुंगा वहीतून मान वर न करता म्हणाली. “यातला एकही मी मुद्दाम चुकवलेला नाही. सगळे खरेच चुकलेत.”

बाईंना ते कळलं नाही, त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी फॉर्म पुढे ओढला आणि घसरण बेचाळीसच्या खाली पालक म्हणून सही केली. मग पुढच्या वर्षीचा कोरा अर्ज मागून घेतला आणि इयत्तेच्या जागी बाईंच्या देखत नववी लिहिलं.